बेगमीची गोष्ट : झुंपा लाहिरी यांची 'अ टेम्पररी मॅटर'

भारतीय वंशाच्या अमेरिकन लेखिका झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' या संग्रहात नऊ कथा आहेत. चर्चा बहुधा शीर्षककथेची होते, पण पुस्तक उघडताच पहिली भेटते ती 'अ टेम्पररी मॅटर', आणि माझ्या मते पुस्तकाचे पैसे या एका कथेतच वसूल होतात. ही कथा १९९८ साली 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आली, १९९९ मध्ये संग्रह निघाला आणि २००० साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मी जे लिहितो आहे ते संपूर्ण पुस्तकाचे परीक्षण नाही. या एका कथेतल्या वस्तूंचे, म्हणजे ज्यांना आपण समीक्षेच्या भाषेत प्रतीके म्हणतो त्यांचे, ते परीक्षण आहे. प्रतीकांविषयी बोलताना शेवट झाकून ठेवता येत नाही, त्यामुळे ज्यांना कथा कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी.

कथानक चार वाक्यांत सांगता येते. बॉस्टनच्या एका शांत रस्त्यावर शोभा आणि शुकुमार हे बंगाली जोडपे राहते (शुकुमार म्हणजे आपला सुकुमारच, फक्त बंगाली उच्चाराने). सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, त्यांचे पहिले मूल मृत जन्माला आले, आणि तेव्हापासून तीन शयनगृहांच्या त्या घरात दोघे एकमेकांना टाळत जगत आहेत. मार्चमध्ये वीज कंपनीची सूचना येते की हिमवादळात तुटलेली लाईन दुरुस्त करायची असल्याने पाच दिवस रोज रात्री आठ वाजल्यापासून तासभर पुरवठा बंद राहील. त्या अंधारात दोघे कित्येक दिवसांनी एकत्र जेवतात, आणि शोभाच्या सूचनेवरून रोज एकमेकांना अशी एक गोष्ट सांगू लागतात जी आजवर कधी सांगितलेली नाही.

मराठी वाचकाला या कथेत शिरायला फारसा वेळ लागत नाही, कारण अंधाराचे वेळापत्रक ही चीज आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. भारनियमनाच्या वर्षांत रोजचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि पंपाची पाळी ज्यांनी त्या वेळापत्रकाला बांधून घेतली, त्यांना आठाच्या ठोक्याला येणारा अंधार ओळखीचा वाटेल. पण एक फरक आहे, आणि कथेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आपल्याकडे दिवे जाणे ही सगळ्या आळीची गोष्ट असे. लोक ओट्यावर येत, पोरे ओरडत, आणि 'लाइट आले' हा गलका तर सार्वजनिकच. शोभा सांगते ती भारतातली आठवण अशीच भरल्या घराची आहे : आजीकडे वीज गेली की प्रत्येकाला काहीतरी सांगावे लागे, एखादा विनोद, एखादी कविता, जगाबद्दलची एखादी माहिती. बॉस्टनच्या घरात तोच खेळ खेळायला दोनच माणसे उरलेली आहेत. समूहाचा खेळ दोघांत आणला की तो कबुलीजबाब होतो, आणि कबुलीजबाबाला खेळाचे नियम लागू पडत नाहीत, हे लेखिका एका शब्दानेही न सांगता दाखवून देते.

आमच्या वाचनगटात ही कथा घेतली तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी एकच अर्थ लावला : अंधार म्हणजे जवळीक, उजेड म्हणजे दुरावा. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो कथेने स्वतःहून वरच ठेवलेला आहे, आणि जी वस्तू लेखक दारातच ठेवतो तिच्याकडे मी थोडा संशयाने पाहतो. दोन-तीनदा वाचल्यावर मला असे वाटू लागले आहे की या कथेची किल्ली अंधारात नाही, कोठीघरात आहे.

शोभाच्या स्वभावाचे वर्णन करताना लेखिका तिच्या साठवणीवर चांगली रेंगाळते. तेलाच्या जास्तीच्या बाटल्या, नाना आकारांच्या पास्त्याची खोकी, बासमतीच्या चेन लावलेल्या पिशव्या, बॉस्टनच्या हेमार्केट बाजारातल्या मुसलमान खाटकांकडून आणून तुकडे करून गोठवलेले मटण. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी नवराबायको बाजार पालथा घालत आणि गाडीभर माल आणत. पाककृतींच्या पुस्तकांत तिने पदार्थापुढे तारखा टिपून ठेवल्या आहेत, दोघांनी तो पहिल्यांदा खाल्ला त्या दिवसाच्या. नोकरीत मिळणारा बोनस ती स्वतःच्या नावावरच्या वेगळ्या खात्यात ठेवते, आणि शुकुमारला त्यात काही वावगे वाटत नाही, उलट बायकोच्या दूरदृष्टीचे कौतुकच वाटते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : बेगमी. पावसाळ्याआधी घरातली बाई करते ती बेगमी, पापड-कुरडयांपासून सरपणापर्यंतची. तिच्यात वर्षभराच्या सुखाचा हिशेब असतो आणि संकटाचाही. शोभा बऱ्या-वाईट दोन्ही प्रसंगांची तयारी आधीपासून करून ठेवणारी बाई आहे. जिची तयारी करता येत नाही अशी एकच गोष्ट तिच्या आयुष्यात घडली, आणि त्यानंतर तिने बाजारात जाणेच सोडले.

आता शुकुमार काय करतो ते पाहा. तो पस्तिशीचा आहे, भारतातील शेतकरी बंडांवरचा त्याचा प्रबंध संपता संपत नाही आणि तो दिवसभर घराबाहेर पडत नाही. तो तीच साठवण रोज थोडी थोडी वापरून स्वयंपाक करतो, गोठवलेले मांस बाहेर काढतो, बायकोने तारखा घालून ठेवलेल्या पाककृती एकामागून एक रांधतो. वरवर पाहता हा संसार सांभाळणारा नवरा आहे. पण नीट पाहिले तर तो संसाराची शिल्लक खाऊन संपवतो आहे, त्यात नवी भर कोणीच घालत नाही. कोठीतले डबे रिकामे होत जाणे हे या कथेतले खरे घड्याळ आहे, वीज कंपनीची पाच दिवसांची मुदत हे दुसरे आणि दिखाऊ. लेखिकेने 'प्रेम आटत चालले होते' अशा छापाचे वाक्य लिहिले असते तर मी पुस्तक मिटले असते. तिने तांदळाच्या पिशव्या मोजल्या, म्हणून मी वाचत राहिलो.

शेवटच्या रात्री शोभा मेणबत्ती फुंकून दिवा लावते, आणि सांगताना माझा चेहरा तुला दिसावा असे म्हणून आपण स्वतंत्र घर पाहिले असल्याचे, भाडेकरारावर सही केल्याचे सांगते. तेव्हा शुकुमारच्या पोटात ढवळते ते ती निघून जात आहे म्हणून जितके, तितकेच या चार रात्री ती त्याच्याशिवायच्या आयुष्याची तयारी करत होती हे कळल्यामुळे. इथे कोठीघर, वेगळे खाते आणि अंधारातला खेळ या तिन्ही गोष्टी एका रेषेत येतात. पहिल्या रात्री आठवणीतून सहज निघाल्यासारखा वाटलेला तो खेळही बेगमीच होता. थोडे थोडे खरे बोलण्याची सवय लावून घेत ती मोठ्या सत्याकडे सरकत होती. वाचकालाही आपण फसलो हे त्याच क्षणी कळते, आणि फसवणूक प्रामाणिक आहे हेही, कारण मागे वळून पाहिले तर प्रत्येक पुरावा पानावर उघडा ठेवलेला सापडतो.

कबुल्या स्वतः अगदी किरकोळ आहेत, आणि तेच त्यांचे सामर्थ्य आहे. तिने त्याच्या घरी पहिल्यांदा एकटी असताना त्याची पत्त्यांची वही चाळून आपले नाव आहे का ते पाहिले होते. तो पहिल्या भोजनाच्या वेळी वेटरला बक्षिशी द्यायला विसरला, कारण हिच्याशी आपले लग्न होईल असे काहीसे त्याच्या मनात आले होते. पहिल्या रात्रीच्या या दोन्ही गोष्टी गोड आहेत. पुढच्या रात्री मात्र हळूहळू कडवट होतात : सासू आलेली असताना कामाचे निमित्त सांगून मैत्रिणीबरोबर मद्य घेणे, लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून मिळालेला स्वेटर त्याने परत करून ते पैसे उडवणे, नवऱ्याची छापून आलेली एकुलती एक कविता आवडली नव्हती हे सांगणे. शोभाचा व्यवसाय काय, तर पाठ्यपुस्तकांतल्या छपाईच्या चुका शोधून रंगीत पेन्सिलींनी खुणा करणे, म्हणजे मुद्रितशोधन. ज्यांनी कधी प्रुफे तपासली आहेत त्यांना ठाऊक असते की खूण वेळेवर पडली तरच तिचा उपयोग. एकदा फर्मा छापून झाला की शुद्धिपत्र जोडता येते, मजकूर बदलता येत नाही. हे दोघे रोज रात्री आपल्या छापून झालेल्या संसाराला शुद्धिपत्राची एकेक ओळ जोडत आहेत. लेखिकेने नायिकेला बँकेत किंवा शाळेत नोकरी दिली असती तरी कथानक अडले नसते, पण हा थर मिळाला नसता.

वीजदुरुस्तीच्या प्रतीकाबद्दल थोडे. लाईन दुरुस्त करायची तर आधी पुरवठा बंद करावा लागतो, चालू तारेला वायरमन हात लावत नाही. कथा हे तंत्र माणसांना लावून पाहते आणि मग एक क्रूर गंमत करते : पाचव्या दिवशी सूचना येते की काम मुदतीआधीच पूर्ण झाले. रस्त्यावरची तार जोडली गेली, आणि घरातल्यांना अजून एक अंधारी रात्र हवी होती. शुकुमार त्या दिवशी कोळंबीची मलई (नारळाच्या दुधातली कोळंबी) करायच्या विचारात असतो, पण दुकानात त्याचे मन उडते. तरीही तो सामान घेतो आणि सोबत मधमाशांच्या मेणाची चांगली मेणबत्ती घेतो. पहिल्या रात्री घरात धड मेणबत्ती नव्हती, वाढदिवसाच्या केकवरच्या छोट्या मेणबत्त्या सापडल्या होत्या. त्या उभ्या करायला त्याने आयव्ही या वेलीची कुंडी घेतली, तर माती इतकी सुकलेली की मेणबत्त्या ठरेनात, म्हणून आधी तिला पाणी घातले. ती कुंडी नळापासून हातभर अंतरावर होती. रोपाला पाणी मिळाले ते रोपासाठी नव्हे, ही बारीक नोंद लेखिका करते आणि पुढच्या वाक्याला जाते. आणि जेव्हा खरी मेणबत्ती घरात येते तेव्हा तिची गरजच उरलेली नसते.

आता ज्या तपशिलाने मला दुसऱ्या वाचनात हादरवले तो. पहिल्या रात्री बोलता बोलता शोभा सांगते की भारतात एकदा आपण अख्खे अन्नप्राशन अंधारात पाहिले होते. वीज गेलेली, उकाडा, आणि बाळ सारखे रडत होते. अन्नप्राशन म्हणजे आपले उष्टावण. पहिला घास मामाने भरवायचा ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही, म्हणून पुढचे वाक्य मराठी वाचकाला तळटिपेशिवाय लागते : शोभाने पाहुण्यांची यादी आधीच करून ठेवली होती आणि आपल्या तीन भावांपैकी कोणाला घास भरवायला सांगायचे हेही ठरवले होते. इथेही बेगमीच. मुलगा असेल तर सहाव्या महिन्यात, मुलगी असेल तर सातव्या, असा हिशेब दिलेला आहे. मूल गेले सप्टेंबरात. कथा घडते मार्चच्या उत्तरार्धात. म्हणजे मुलगा असता तर त्याचे उष्टावण याच सुमारास व्हायचे होते. मूल मुलगा होते की मुलगी हे शोभाला माहीत नाही, तिने ते आधीही जाणून घेतले नव्हते आणि शुकुमारलाही ते ठाऊक नाही अशी तिची समजूत आहे. शुकुमारला माहीत आहे. विमानतळावरून तो थेट रुग्णालयात पोहोचला होता आणि त्याने ते मूल हातात घेतले होते. चार रात्री तो बायकोसाठी अंधारात रांधतो, वाढतो, आणि ज्याला या दिवसांत पहिला घास भरवायचा होता त्याच्याविषयी अवाक्षर काढत नाही. कथा हे गणित कुठेही मांडून दाखवत नाही. महिने मोजणारा वाचक असेल तर त्याला ते सापडते, नसेल तर कथेचे काही बिघडत नाही. प्रतीक असे असावे असे माझे मत आहे : आधी घरातली खरी गोष्ट, मग अर्थ, आणि अर्थ न कळला तरी गोष्ट खरीच.

बाळाच्या खोलीबद्दलही असेच म्हणता येईल. भिंतीवरची ससे-बदकांची पट्टी शुकुमारने शोभाला घरी आणण्याआधी उलथन्याने खरवडून काढली, आणि पुढे जानेवारीत आपले टेबल त्याच खोलीत मांडले, कारण शोभा तिथे पाऊल टाकत नाही. शोकाच्या खोलीचा नवऱ्याने लपायच्या जागेसाठी उपयोग करावा, हे मला कथेतले सर्वांत खरे आणि सर्वांत लाजिरवाणे निरीक्षण वाटले. पडद्यांसाठी आणून तशीच पडून राहिलेली लेसची पिशवी, बाहेरचे बूट आणि पिशवी वाटेत टाकून घराला हॉटेलसारखे वापरणारी शोभा, हे तपशील ओझरते येतात आणि ते तसेच ठेवले आहेत हे बरे.

सगळेच जमले आहे असे नाही. शेजारचे ब्रॅडफर्ड दांपत्य हातात हात घालून फिरायला निघते, आणि कथेच्या अगदी शेवटी शुकुमारला खिडकीतून पुन्हा तेच दिसतात. सुखी जोडपे दुःखी जोडप्याच्या खिडकीत आणून उभे करणे ही मला सोपी युक्ती वाटते. बाकी कथेत जी लेखिका अर्थ पेरून पुढे निघून जाते तिने इथे बोट धरून दाखवले आहे. शीर्षकाचेही तसेच. 'तात्पुरती बाब' हे शब्द वीज कंपनीच्या सूचनेतले म्हणून पहिल्याच वाक्यात येतात, आणि सराईत वाचक तिथेच ओळखतो की हे शब्द पुढे लग्नालाही लागू होणार. आणखी एक तक्रार दृष्टिकोनाची आहे. कथा तृतीयपुरुषी असली तरी ती शुकुमारच्या खांद्यावरून पाहते. त्यामुळे शोभाने काय ठरवले हे आपल्याला उशिरा कळते आणि धक्का बसतो, पण तिच्या शोकाला स्वतःचा आवाज मिळत नाही. तिचे दुःख आपल्याला तिने न आणलेल्या सामानातून आणि ओठांच्या कडांना उरलेल्या लिपस्टिकमधून वाचावे लागते. काहींना हा संयम वाटेल. मला काही जागी तो नवऱ्याच्या बाजूला झुकलेला वाटला.

शेवटाविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. भाडेकराराची बातमी ऐकल्यावर शुकुमार आजवर लपवलेली गोष्ट बोलतो : आपले बाळ मुलगा होता, त्याच्या डोक्यावर काळे केस होते, वजन जवळजवळ पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, आणि बोटे मिटलेली होती, शोभाची झोपेत मिटलेली असतात तशीच. हे त्याने का सांगितले? सूड म्हणून, की तिचे जे होते ते तिला परत करायचे म्हणून? लेखिका एवढेच नोंदवते की तिला हे कधी सांगायचे नाही असे त्याने त्या दिवशी ठरवले होते, कारण तेव्हा त्याचे तिच्यावर प्रेम होते. 'तेव्हा' या एका शब्दाने मागची सगळी पाने पुन्हा वाचावी लागतात. आणि मग दिवा मालवला जातो. शुकुमार वळून पाहतो तर तो शोभाने मालवलेला असतो. पहिल्या चार रात्रींचा अंधार वीज कंपनीने दिलेला होता आणि त्यात दोघांनी आपापले लपवले होते. हा पाचवा अंधार तिने स्वतःच्या हाताने केलेला आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही उरलेले नाही. अंधार म्हणजे जवळीक हा आमच्या वाचनगटाचा अर्थ मला मान्य झाला तो फक्त या शेवटच्या अंधारापुरता. दोघे मेजाशी बसून रडतात. ती घर सोडणार की नाही हे लेखिका सांगत नाही, आणि सही तर झालेली आहे.

पुस्तक दोनशेच्या आत पानांचे आहे आणि इंग्रजी अतिशय सोपे, छोट्या वाक्यांचे आहे. महाविद्यालयात इंग्रजी वाचनाची सुरुवात करणाऱ्याला ही कथा दोन बैठकींत झेपेल. बंगाली पदार्थ, रीतिरिवाज यांच्यासाठी शब्दकोश लागत नाही. ज्यांना घटनांची वेगवान मालिका हवी त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, कारण पाच रात्रींत जेवण आणि बोलणे याखेरीज फारसे काही घडत नाही. कोणाला भेट द्यायची असेल तर एक काळजी घ्यावी : ज्या घरात असे मूल गेलेले आहे तिथे हे पुस्तक देताना पहिली कथा कशाबद्दल आहे ते आधी सांगावे, कारण पहिल्या पानावर फक्त वीज जाण्याची सूचना आहे.